अर्ज भरण्याच्या आधी



भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे, 1982 पासूनची. जनसंघाच्या नेत्याच्या नावाची ही संस्था कार्यकर्त्यांना आणि निवडून आलेल्यांना प्रशिक्षण देते. त्यांचा विचार मला पटत नाही. पण माणूस तयार करायला वर्षं लागतात, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे उमेदवार ठरतो अर्जाच्या आदल्या रात्री!

मारेगाव नगरपंचायतीत 17 प्रभाग. एकेका प्रभागात मतदार काहीशेच, त्यामुळे दहा-बारा मतांवरही निकाल फिरू शकतो. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझी सुरुवात मतदार यादीपासून. कोण वारलं, कोण सासरी गेली, कोण अठराचं झालं, कुणाच्या बापाचं नाव चुकलंय, हे घरोघरी जाऊन तपासा. भाषण नंतर शिका.

मग कायदा. उमेदवाराचं वय 21 पूर्ण हवं. दोनपेक्षा जास्त अपत्यं असून त्यातलं एखादं 12 सप्टेंबर 2001 नंतरचं असेल, तर उमेदवारी जाते. खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा, हरलेल्यानेही.

आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तिथे उभी राहणार बहीण आणि शिबिरात बसणार तिचा शोहर, हे चालणार नाही.

रविवारी आपापल्या प्रभागाची यादी छापून आणा.