पथ्य घराने पाळावे

(एका उपनगरातील कुटुंब मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आहार आणि वजन या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या वैद्याला किंवा डॉक्टरांना न बोलावता संयोजकांनी माझ्यासारख्या पत्रकाराला का बोलावले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. मलाही पडला होता. मी कलाशाखेचा पदवीधर. शरीरशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी पात्रता एकच : मी आजवर तीन वेळा वजन उतरवले आहे. तीन वेळा उतरवले याचा अर्थ दोन वेळा ते परत आले, हे सुज्ञ श्रोत्यांना सांगावे लागू नये.

आमच्या व्यवसायात रात्रीची पाळी असते. बारा वाजता शेवटचे पान सुटते आणि मग भूक लागते. वडापाव, भुर्जी, दोन कटिंग. पंचवीस वर्षे हा क्रम चालला. २०१६ साली माझे वजन ८६ किलो झाले. मी निश्चय केला. भात बंद, पोळी बंद, साखर बंद, रात्रीचे जेवण बंद. तीन महिन्यांत ११ किलो कमी झाले. सहकाऱ्यांनी कौतुक केले, नवे शर्ट शिवले. आणि सव्वा वर्षाने मी ८८ किलोंवर पोहोचलो. शर्ट कपाटात तसेच राहिले.

त्या वेळी मी स्वतःला दोष दिला. आपल्यात निग्रह नाही, असे वाटले. पुढे वाचनात आले की प्रश्न केवळ निग्रहाचा नव्हता. अमेरिकेत वजन घटवण्याच्या स्पर्धेचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम गाजला होता. त्यातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ सालीच प्रसिद्ध झाले. या मंडळींनी सरासरी ५८ किलो वजन घटवले होते; त्यांपैकी ४१ किलो परत आले होते. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. एकाएकी अन्न तोडले की शरीर त्याला दुष्काळ समजते. ते खर्च आवरते, भूक वाढवते आणि सुकाळ येताच कोठार भरून घेते. हजारो वर्षे माणूस याच गुणामुळे जगला. त्याच्याशी तीन महिन्यांची लढाई करून जिंकता येत नाही.

परंतु मला खरा धडा या संशोधनाने दिला नाही. तो माझ्या घरातच मिळाला आणि तो सांगताना आजही संकोच वाटतो.

माझे पथ्य चालू असे तेव्हा आमच्या घरी दोन स्वयंपाक होत. माझ्यासाठी उकडलेल्या भाज्या, मुगाचे घावन, बिनतेलाची आमटी. मुलांसाठी आणि आईसाठी नेहमीचे जेवण. हे दोन्ही स्वयंपाक माझी पत्नी करीत असे, नोकरी सांभाळून. मी मोजून जेवून उठत असे आणि माझ्या संयमाचे घरात कौतुक होत असे. ती सर्वांत शेवटी जेवायला बसे. पातेल्यात उरलेला भात, मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, माझी नकोशी झालेली उकडलेली भाजी, हे तिचे जेवण. अन्न टाकायचे नाही, हा तिच्या माहेरचा संस्कार. २०१८ साली विम्याच्या निमित्ताने आम्हा दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या झाल्या. माझी साखर काठावर होती. तिला मधुमेह झालेला होता. माझ्या पथ्याचा स्वयंपाक करता करता तिचा आजार वाढत होता आणि आमच्यापैकी कोणीही तिच्या ताटाकडे पाहिले नव्हते.

बंधू-भगिनींनो, आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पथ्य एकट्याने पाळायची गोष्ट नाही. ते घराने पाळावे. एका माणसाचा निश्चय तीन महिने टिकतो. घराची रीत पिढी दोन पिढ्या टिकते.

आपल्यापैकी काहींना वाटेल, आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, हा विषय आमचा नव्हे. अशा सर्वांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम समजून घ्यावे. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही चरबी बाळगतो आणि ती प्रामुख्याने पोटात साठते. म्हणून आपल्यासाठी वजनाच्या काट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची आहे. कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे भारतीय तज्ज्ञांनी ठरवले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील दर चार स्त्रियांमागे जवळपास एकीचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एकाच घरात, कधी एकाच देहात, पोट भरलेले आणि पोषण अपुरे, अशी ही स्थिती आहे. म्हणून कमी खा, एवढे सांगून भागणार नाही. काय कमी आणि काय अधिक, हे पाहावे लागेल.

हे बदल करावेत कसे? याचे उत्तर शोधताना मी चरकसंहितेपाशी थांबलो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडण्याची रीत सांगितली आहे. सवय एकदम तोडू नये. तिचा चौथा भाग सोडावा आणि त्या जागी हितकर गोष्टीचा चौथा भाग घ्यावा. ते अंगवळणी पडले की पुढचा चौथा भाग. याला पादांशिक क्रम म्हणतात. अशा क्रमाने सुटलेली सवय परतत नाही, हा त्यामागील विचार. २०१० साली लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी नव्या सवयी जडवू पाहणाऱ्या ९६ जणांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. एखादी कृती आपोआप घडू लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही. म्हणजे एका लग्नातल्या जिलेबीने व्रत मोडत नाही. मोडते ते ‘आता मोडलेच आहे’ असे म्हटल्याने.

आमच्या घरी आम्ही हा पावपट क्रम कसा आणला, ते सांगतो.

पहिली पायरी चहाची. मी दिवसात चार कप चहा घेत असे, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे ४० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार दिवसभराची साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत हवी. आम्ही पंधरा दिवस दोनाचे दीड चमचे केले, पुढचे पंधरा दिवस एक, आणि मग अर्धा. जिभेने तक्रार केली नाही, कारण तिला कळण्याइतका बदल एका वेळी झालाच नाही. हिशेब केला तर एका माणसाच्या चहातून दररोज ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ ११ किलो साखर कमी झाली. अकरा किलो! माझे गेलेले आणि परत आलेले वजनही तेवढेच होते.

दुसरी पायरी तेलाची. याच संस्थेने २,००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सुचवले आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला महिन्याकाठी हे साधारण साडेतीन लिटर होते, आणि त्यात तूपही आले. घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी डब्याकडे पाहावे. आम्ही डब्यावर उघडल्याची तारीख लिहू लागलो आणि फोडणीचे तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजू लागलो. भाजीची चव बदलल्याचे आईलासुद्धा, जिची जीभ फार तिखट, दोन महिने कळले नाही.

तिसरी पायरी ताटाची. आपल्या पूर्वजांनी ताट वाढण्याची रीत घालून दिली आहे. वर मधोमध मीठ, उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे. काळाच्या ओघात ही डावी बाजू आक्रसत गेली. लोणच्याची एक फोड उरली आणि कोशिंबीर सणापुरती झाली. मधला भात आणि पोळ्या मात्र वाढल्या. आपल्या एकूण उष्मांकांपैकी ५० ते ७० टक्के केवळ धान्यातून येतात आणि हे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत आणावे, असे पोषण संस्था सांगते. आम्ही भाताची मूद पाव हिश्शाने लहान केली आणि कोशिंबिरीची वाटी मोठी केली. आमटी दाट झाली. आठवड्यातून तीन दिवस मोडाची उसळ आली. भात कोणीही सोडला नाही. ज्याच्या ताटात वरणभात नाही त्याला जेवल्याचे समाधान नाही, आणि असमाधानी माणूस रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडतो.

उपवासाविषयीही बोलले पाहिजे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली आहे. साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ. प्रथिने त्यात नाममात्र. ज्या कंदापासून तो बनतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे धर्मशास्त्राने त्याचा आग्रह धरण्याचा प्रश्नच नाही. उपवासाला फळे, ताक, राजगिरा, भगर घ्यावी. खिचडीची ताटली वाटीवर आणावी. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

आणि चौथी, सर्वांत अवघड पायरी : अन्न वाया घालवायचे नाही या संस्काराची. हा संस्कार थोर आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही. परंतु भूक नसताना उरलेला भात पोटात ढकलणे हा अन्नाचा सन्मान नव्हे. सन्मान अंदाजाने शिजवण्यात आहे. आमच्याकडे आता तांदूळ वाटीने मोजून घेतात. उरलेच तर ते शीतपेटीत जाते, कोणा एकीच्या पोटात नाही. पाहुण्यांना आग्रह एकदाच करायचा. आणि सर्वांनी एकत्र बसायचे, वाढणारीनेसुद्धा. मधल्या पातेल्यातून ज्याने त्याने वाढून घ्यावे. हा नियम केला त्या दिवशी पत्नी म्हणाली, “वीस वर्षांत आज पहिल्यांदा मला गरम पोळी मिळाली.” या वाक्यावर मी काही बोलू शकलो नाही.

आजकाल वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आहे. २०२५ सालापासून ती आपल्याकडेही अधिकृतपणे मिळू लागली. ज्यांना लठ्ठपणामुळे गंभीर त्रास आहे, त्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याने ती जरूर घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. परंतु अशा एका औषधाच्या अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचे आढळले. म्हणजे औषध घ्या वा न घ्या, स्वयंपाकघराकडे यावेच लागते.

आता आपण विचाराल, फळ काय मिळाले? माझे तिसऱ्यांदा उतरलेले वजन २०२२ पासून ७७ किलोंच्या आसपास स्थिर आहे. तक्त्याप्रमाणे ते अजूनही जास्तच आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. उतरायला तीन महिने नव्हे, तीन वर्षे लागली. पत्नीची औषधे चालू आहेत, पण साखर आटोक्यात आहे आणि सायंकाळी आम्ही दोघे पाऊण तास चालतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांनी आहार आणि चालणे सुधारले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटले, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. काटा हलला नाही म्हणून निराश होऊ नका. आत काही तरी सुधारत असते.

शेवटी एक विनंती. घरातील मुलांना त्यांच्या वजनावरून चिडवू नका, त्यांना वेगळे ताट वाढू नका. आपण काय जेवतो ते त्यांना दिसू द्या. आणि आज घरी गेल्यावर एकच गोष्ट करा. रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या ताटात काय आहे, ते पाहा. तुमच्या घराचे पथ्य कोठून सुरू करायचे, ते तुम्हाला तेथे कळेल.