पुसण्याचा अधिकार कुणाकडे?

आपल्या भंडारा जिल्ह्यातली मुलं आज पुण्या-नागपूरच्या कंपन्यांसाठी, काही तर घरी बसून, एआय सहायक हाताशी घेऊन कोड लिहितात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कामावर विसंबणाऱ्या सगळ्यांसाठी हा विषय मी मुद्दाम निवडला.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या कंपनीच्या एआय सहायकाकडून ॲप बांधून घेत होते. विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही, अशी ताकीद त्यांनी मोठ्या अक्षरांत वारंवार दिली होती. तरीही सहायकाने चालू डेटाबेस पुसून टाकला. हजारावर लोकांच्या नोंदी गेल्या. त्या परत येणार नाहीत असंही त्याने ठासून सांगितलं. लेमकिन यांनी स्वतः खटपट केली, तेव्हा त्या परत आल्या. ताकीद होती, पण पुसण्याचा अधिकार काढून घेतलेला नव्हता, इथेच सगळं बिनसलं.

माणसांच्या हातूनही हे होतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर हटवण्याची आज्ञा दिली. चूक लगेच लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. सहायक तर माणसाच्या कितीतरी पट वेगाने आज्ञा देतो.

एकट्याचं काम असेल तर नुकसान एकट्याचं. टीममध्ये तसं नसतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं, ते आपण पाहिलंय. वरून किती पाणी सुटतंय, हे खालच्या गावांच्या हाती नसतं. म्हणून गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे कुणा एकाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. सामायिक कोडमध्येही एकाच्या लॅपटॉपवरून 'फोर्स पुश' (सर्व्हरवरच्या कोडवर आपला कोड जबरदस्तीने लादणारी आज्ञा) सुटतो आणि दुसऱ्याचं आठवड्याचं काम वाहून जातं.

क्लॉड कोड या एआय सहायकासारख्या साधनांत आज्ञांचे तीन वर्ग करता येतात: मोकळ्या, विचारून चालवायच्या आणि पूर्ण बंद. एकच आज्ञा दोन वर्गांत आली, तर त्यातला जास्त कडक वर्गच चालतो. ही यादी कोडबरोबरच प्रकल्पात ठेवता येते, म्हणजे नव्याने आलेल्या मुलालाही पहिल्या दिवसापासून तीच लागू होते. तिच्यात बदल करायचा तर दुसऱ्या कुणीतरी तो तपासलाच पाहिजे. आणि सगळंच 'विचारून' या वर्गात टाकू नका. दिवसभर 'हो' दाबून बोटाला सवय लागते. मग न विचारता सगळं हटवणारं 'आरएम -आरएफ' समोर आलं तरी 'हो'च दाबलं जातं.

तेवढ्यावर मात्र निर्धास्त होऊ नका. 'आरएम' बंद केलं तरी सहायक पायथनच्या दोन ओळी लिहून तीच फाइल उडवू शकतो. म्हणून अधिकार मुळाशीच कमी हवा: सहायकाला डेटाबेसचं फक्त वाचण्यापुरतं खातं द्या, मुख्य शाखेवर 'फोर्स पुश' सर्व्हरवरच बंद करा आणि चालू यंत्रणेचा पासवर्ड त्याला वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवूच नका. उद्या कामावर गेल्यावर आधी सहायकाला वाचता येणारे फोल्डर उघडून बघा.