आकडा मुंबईला पोहोचतो. दारात कोण पोहोचणार?

(दिघी येथे मधुमेही रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वैद्य नव्हे, रुग्ण आहे. बरीच वर्षे इन्सुलिन घेतो आणि गेली काही वर्षे दंडावर हा रुपयाएवढा सेन्सर लावतो. औषधाची मात्रा आपापल्या डॉक्टरांनीच ठरवायची असते, तेव्हा त्याविषयी मी बोलणार नाही. हे यंत्र अंगावर घेऊन नांदायचे कसे, आणि विशेषतः दिघीसारख्या गावात नांदायचे कसे, एवढेच सांगणार आहे.

'दिघीसारख्या गावात' असे मी मुद्दाम म्हणतो. आपल्या अनेक घरांत आज केवळ आई-वडील आहेत. मुले मुंबईत, पुण्यात, काही परदेशी. त्यांना घरची काळजी असते, म्हणून गणपतीला येताना कोणी हा सेन्सर घेऊन येतो, आईच्या दंडावर लावतो, तिच्या मोबाईलमधून आपल्या मोबाईलवर आकडे येतील अशी व्यवस्था करतो आणि निश्चिंत मनाने परततो. ही निश्चिंतता कितपत खरी, हा माझा आजचा विषय आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. सेन्सरखाली केसासारखा बारीक धागा असतो, सुमारे पाच मिलिमीटरचा. तो त्वचेखाली राहतो आणि पेशींच्या मधल्या द्रवातील साखर मोजतो. रक्तातली नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. रक्तात साखर आधी चढते वा उतरते, या द्रवात पाच-दहा मिनिटांनी. म्हणून साखर वेगाने बदलत असताना बोटाच्या थेंबाचा आकडा आणि दंडावरचा आकडा जुळत नाही, आणि यंत्र बिघडले असे वाटते. ते बिघडलेले नसते, मागून चालत असते. दर पाच मिनिटांनी नोंद करणारे यंत्र दिवसात २८८ नोंदी करते. एवढ्या आकड्यांकडे पाहत बसायचे नसते. त्याशेजारचा बाण पाहायचा. ११० आणि बाण आडवा असेल, तर शांतपणे झोपा. ११० आणि बाण सरळ खाली असेल, तर उठून काहीतरी खा.

मग चांगले कशाला म्हणायचे? २०१९ साली जगभरातील तज्ज्ञांनी एक माप ठरवले. दिवसातला किमान ७० टक्के वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास, साखर ७० ते १८० या मर्यादेत असावी आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी वेळ जावा. वृद्धांसाठी मात्र त्यांनी माप बदलले. मर्यादेत निम्मा वेळ असला तरी पुरे, पण ७० च्या खाली दिवसातून पंधरा मिनिटांहून अधिक नको. याचा अर्थ, आपल्या आई-वडिलांच्या वयाला वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर अधिक घातक. मुंबईतला मुलगा २२० चा आकडा पाहून आईला फोनवर रागावतो आणि ६५ पाहून 'आज छान आहे' म्हणतो. हे अगदी उलटे आहे.

आता पानातल्या भाताकडे येतो. कोकणात त्यावाचून चालणार नाही. भात सोडून तांदळाची भाकरी खाल्ली की पथ्य झाले, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. सेन्सरला तो समज मान्य नाही, कारण तांदूळ तोच. उपवासाच्या साबुदाण्याचेही तेच. एकादशीच्या खिचडीचा चढ माझ्या मोबाईलवर मोदकाच्या चढाशी सहज स्पर्धा करतो. मात्र याच यंत्राने मला दिलासाही दिला. आधी भाजी, मासळी किंवा उसळ खावी, भात शेवटी आणि थोडा घ्यावा, मग पंधरा-वीस मिनिटे समुद्राच्या कडेने चालावे. तोच भात, पण चढ निम्म्यावर येतो. हा माझ्या शरीराचा हिशेब झाला, तुमचा वेगळा असेल. तो कळण्यासाठीच हे यंत्र.

'आम्ही सडपातळ माणसे, आम्हाला कसला मधुमेह' असे खाडीवर कष्ट करणारे अनेकजण म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून स्थूल, असा हा भारतीय देह आहे. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले, पहिल्यातला रुग्ण कृश आणि दुसऱ्यातला बहुधा स्थूल. आज हा दुसरा प्रकारही कृश दिसणाऱ्या देहात शिरला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर.

या सर्वांनी सेन्सर लावावा काय? मुळीच नाही. एक सेन्सर बहुधा चौदा दिवस चालतो आणि पाच हजार रुपयांच्या आसपास पडतो. वर्षाला सव्वीस धरले, तर लाखाच्या वर खर्च. केवळ गोळ्यांवर असलेल्याने वर्षातून एकदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, चौदा दिवस लावावा, आपले ताट ओळखून घ्यावे आणि पैसे वाचवावेत. ज्यांना तो सतत हवा ते थोडे आहेत: इन्सुलिनवर जगणारी मुले, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे प्रौढ, मधुमेह असलेल्या काही गर्भवती, आणि इन्सुलिन घेणारे एकटे वृद्ध. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या विकायला येतात, त्यांपासून तर लांबच राहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले की, अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्यावर विसंबून इन्सुलिन टोचणे म्हणजे जिवाशी खेळ.

आता मूळ मुद्दा. रात्रीचे दोन वाजले आहेत. आईची साखर ५८, बाण खाली. घाटकोपरच्या खोलीत मुलाचा मोबाईल वाजतो. तो आईला फोन करतो. ती उचलत नाही. आता? गाडी काढली तरी त्याला इथे पोहोचायला चार-पाच तास. आगरदांड्याहून येणाऱ्या फेरीबोटीच्या वेळा ठरलेल्या. त्या क्षणी उपयोगी कोण? तो मुलगा नव्हे, ते यंत्रही नव्हे. भिंतीपलीकडे झोपलेली शेजारीण. तिच्याकडे दाराची किल्ली आहे का? तिला ठाऊक आहे का, की अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे? आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही ओतायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो; कुशीवर वळवायचे, १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांना गाठायचे?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर शेजारीण महिन्याभरात कंटाळेल. सेन्सरच्या कुशीवर झोपले की त्यावर दाब येतो आणि साखर उतरल्याचा खोटाच इशारा वाजतो. म्हणून रुग्ण जागा असेल तर त्याने कूस बदलावी आणि बोटाचा थेंब तपासावा. मात्र घाम सुटला असेल, हात थरथरत असतील, बोलणे अडखळत असेल, तर तपासणीच्या पट्ट्या शोधत बसू नये, साखर आधी. नवरात्राच्या उपवासात हीच साखर नाकारणाऱ्या माऊली मी पाहिल्या आहेत. औषधाने उपवास मोडत नाही, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आणि मोबाईल मुका असला, म्हणजे सर्व कुशल आहे असे समजू नका. सेन्सर ते मोबाईल हे अंतर हातभर, मोबाईल ते मुंबई हे अंतर मात्र नेटवर्कच्या मर्जीवर. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरच धडकले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, मनोरे बंद पडले, वीज कित्येक दिवस नव्हती. त्या दिवसांत मुंबईच्या मुलाला घरचा आकडा कोठून कळणार होता? म्हणून सेन्सर असला तरी बोट टोचून तपासणारे साधे यंत्र, जादा पट्ट्या आणि सेल घरात हवेतच. न फोडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवतात. वीज गेली तर घाबरून फेकून देऊ नका आणि बर्फावरही ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मातीचे मडके घ्या, भोवती ओली वाळू ठेवा आणि कुपी कोरड्या पिशवीत घालून सावलीत ठेवा. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही ते चार आठवडे टिकल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. पावसाळ्यात दमटपणाने सेन्सरची चिकटपट्टी सुटते; त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, वरून कापडी पट्टी लावावी. खाडीत उतरणाऱ्यांनी तर ती लावावीच.

चाकरमानी मुलांना माझे सांगणे इतकेच, की गणपतीला सेन्सर आणाल तेव्हा शेजाऱ्याला आणि वाडीतल्या आशाताईंना बसवून घ्या. त्यांच्यासमोर तो लावा, बाण दाखवा, किल्ली द्या. आपला, शेजाऱ्याचा आणि डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. शेजारी साखरेचा डबा ठेवा. मोबाईलवरच्या इशाऱ्यांची वाटणीही करून घ्या. तीन भावंडांच्या तीन मोबाईलवर एकच इशारा वाजतो, तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने फोन केला असेल.

आता सेन्सर कसा लावतात ते प्रत्यक्ष दाखवतो. ज्यांच्या शेजारी इन्सुलिन घेणारे कोणी आहे, त्यांनी कृपया पुढे यावे. रुग्णांनी मागे बसले तरी चालेल.