दम लागलेल्या बाईला आधी बसू द्या

(नांदेड-लातूर परिसरातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



धाप लागणाऱ्या रुग्णासाठी औषधाशिवाय काय करता येईल, यावर बोलायला मला सांगितलं आहे. विषय साधा वाटतो. पण आपल्या गावांमधून फिरताना दिसतं ते असं की, बाईचं दम लागणं हा आजार आहे हेच घराला मान्य नसतं. पुरुषाला धाप लागली की बिडीचा विषय निघतो, मग एक्स-रे निघतो. बाई म्हणाली, "दम लागायलाय," तर उत्तर ठरलेलं: "वय झालं आता." नाहीतर, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

जिने जन्मात बिडीला हात लावला नाही, तिच्या फुप्फुसांची अशी गत का होते? आपल्याकडचं सरपण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. भाकरी करणारी बाई तीस-चाळीस वर्षं रोज त्या धुराच्या तोंडाशी बसते. वर मळणीची धूळ, डाळमिलमधला भुसा. 2016 साली उज्ज्वला योजना आली, सिलेंडर घरात आलं. पण ते भरून आणायला पैसे नसले की सिलेंडर कोपऱ्यात जातं आणि चूल पुन्हा पेटते. धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात.

पण प्रत्येक धाप धुराचीच नसते. अंगात रक्त कमी असलं तरी दम लागतो. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेली असते, ते पहिल्या बाळंतपणात कळतं. टीबी असतो, दमा असतो. विंझण्याने वारा घालून रक्त वाढत नाही, म्हणून आधी तपासणी. आणि पंप दिला असेल तर तो बंद करायचा नाही. "सवय लागते" म्हणून तो लपवतात, लग्नाच्या मुलीचा तर हमखास. मी सांगणार आहे ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही.

धाप लागल्यावर घरात काय होतं आठवा. आठ-दहा माणसं भोवती गोळा होतात. वारं लागेल म्हणून दार लोटतात. बाईला आडवं करतात, कान बांधतात, तोंडात पाणी घालतात. सगळं नेमकं उलटं. गर्दी हटवा, दार-खिडकी उघडा आणि तिला बसू द्या. बाजेवर बसून पाय जमिनीवर टेकवायचे, थोडं पुढे वाकून कोपरं मांड्यांवर ठेवायची. किंवा समोर उशा, गोधड्यांचं गाठोडं ठेवून त्यावर हात टाकायचे. हातांना टेकू मिळाला की छातीचे आणि मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. परकराची नाडी, लुगड्याची गाठ सैल करा. पुरुष खोलीत असतील तर ती कधीच सैल करू देणार नाही. त्यामुळे पुरुषांना बाहेर पाठवणं हासुद्धा उपचारच समजा.

मग श्वास. घाबरलं की आपण भराभर आत ओढतो. पण अरुंद नळ्यांतून जुनी हवाच बाहेर पडलेली नसते, नवी मावणार कुठे? म्हणून भर सोडण्यावर. नाकाने हळू आत, मग ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. चूल फुंकतो तसं जोरात नाही. समोर दिवा आहे असं समजा. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. "शांत हो, शांत हो" असं ओरडून कुणी शांत होत नाही. तुम्ही समोर बसून तसा श्वास घ्या, ती तुमच्या बरोबर घेईल.

आणि विंझणा. 2010 साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला 50 रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हातात धरायचा छोटा पंखा 5 मिनिटं चेहऱ्यावर आणि 5 मिनिटं पायावर धरून पाहिला. चेहऱ्यावर धरल्यावर धाप कमी जाणवली. नाक, गाल, वरचा ओठ इथल्या नसांना गार वारा लागला की मेंदूला वाटणारी हवेची भूक कमी होते. वीतभर अंतरावरून धरा. पुठ्ठाही चालतो, गार पाण्याच्या फडक्याने चेहरा पुसलात तरी चालतं. लाईट गेलेली असताना याचा मोठा आधार. फक्त टीबीचा संसर्ग असेल तर वाऱ्याच्या दिशेला दुसरं कुणी बसू नये.

आता अवघड भाग. हंडा उचलताना श्वास सोडावा, हंड्याऐवजी कळशी आणावी, अंघोळ स्टुलावर बसून करावी, एक काम झालं की थांबावं, हे सगळं बरोबर आहे. पण थांबायची मुभा तिला आहे का? कंधार तालुक्यातल्या एका आजी पाण्याच्या दर खेपेला पाराजवळ थांबून कुणाशी तरी बोलायच्या. बोलायला दमच नसायचा, नुसती मान हलवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "नुसतं बसलं तर लोक नावं ठेवतेत, बोलत उभं राहिलं तर चालतंय." 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. टँकरपासून घरापर्यंत ते कुणाच्या डोक्यावर होतं, तुम्ही जाणता. म्हणून घरभेटीत नुसतं बाईला शिकवून येऊ नका. नवऱ्याला, मुलाला समोर बसवा आणि पाणी उद्यापासून कोण भरणार ते तिथेच ठरवून घ्या. तिला कायमची बाजेवर बसवणंही घातक आहे. स्नायू कमजोर झाले की थोड्या कामानेही जास्त दम लागतो. रोज झेपेल तेवढं, थांबत थांबत चालणं हवंच.

ओठ-नखं निळसर पडली, एक वाक्यही सलग बोलता येईना, छातीत दुखायला लागलं, बाई गुंगीत जायला लागली, तर तिला बसलेलीच ठेवा आणि ताबडतोब 108 ला फोन करा.

आता चहा यायच्या आधी दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीने पुढे वाकून कोपरं मांडीवर ठेवा, दुसरीने वहीचा पुठ्ठा घ्या. आणि दाराजवळच्या बायांनी दार उघडा.