सदतिसावे घर
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



चोर्ला घाट उतरला की आपली बेळगावची मुले तीनेक तासांत पणजीत पोहोचतात आणि मांडवीतल्या झगमगत्या बोटी त्यांना खुणावतात. नुसते ‘जाऊ नका’ म्हटल्याने कोणी थांबत नाही. विदुराने बजावूनही धर्मराज पटावर बसलाच! म्हणून आज उपदेश नको, हिशेब मांडू.

सरकारमान्य जुगारघर ही कल्पना जुनीच. व्हेनिसमध्ये १६३८ साली ‘रिदोत्तो’ सुरू झाले आणि १७७४ साली बंद झाले. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट मिळाली. पुढे १९९६ साली बोटींनाही. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला.

आता चक्राकडे वळू. युरोपीय रूलेटच्या चक्रात १८ घरे लाल, १८ काळी आणि एक शून्याचे, एकूण ३७. एका आकड्यावर लावलेले १०० रुपये जिंकले, तर ३,५०० मिळतात आणि आपले १०० परत येतात. समजा, सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर लावले. गेले ३,७००, आले ३,६००. हा शंभराचा फरक म्हणजे मालकाची कमाई, शेकडा सुमारे २.७. त्यासाठी कुणाला फसवावे लागत नाही. चक्र फिरत राहिले आणि माणूस बसून राहिला की झाले. शंभराची नोट दोनशे वेळा लावली, तर उलाढाल वीस हजारांची होते आणि सरासरीने ५४० रुपये जातात.

‘इतक्या वेळा काळे आले, आता लाल येणारच,’ असे मनात येते. १९१३ साली मोंटे कार्लोत सलग २६ वेळा काळे आले आणि लालवर लावणारे बुडाले. चक्राला मागची आठवण नसते.

खरे नुकसान त्या पहिल्या शंभराचे नव्हे. गेलेले परत मिळवायला माणूस पुन्हा बसतो, मग उसने घेतो आणि मग घरापासून लपवतो. तेव्हा हा हिशेब मुलांसोबत कागदावर मांडा. आणि कुणी कर्जात अडकलाच, तर आधी घरी सांगायला तो भिणार नाही, एवढा मोकळेपणा घरात ठेवा. बुद्धिदात्यासमोर एवढेच मागणे.