स्तनदा मातेचें पाठबळ

मराठी भाषेंत ‘पान्हा’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. दूध असणें निराळें आणि पान्हा फुटणें निराळें. शरीरांत दूध तयार झालेलें असलें, तरी आई भयभीत असेल, वेदनेनें व्याकूळ असेल अथवा टोमण्यांनीं खिन्न झाली असेल, तर तें बाहेर येण्यास विलंब लागतो. जुन्या स्त्रियांना अनुभवानें ठाऊक असलेली ही गोष्ट शरीरशास्त्रानेंही मान्य केली आहे. बाळ जितकें चोखतें तितकें दूध वाढतें. परंतु तें वाहतें करणाऱ्या क्रियेवर आईच्या मनःस्वास्थ्याचा परिणाम होतो. म्हणून स्तनपान हें केवळ आई आणि मूल या दोघांचेंच कार्य आहे, असें मानणें चुकीचें होय. त्यांच्या भोंवतीं जीं माणसें असतात, त्यांचाही त्या दुधांत वांटा असतो.

हा वांटा उचलण्याची एक रीत महाराष्ट्रांत पूर्वापार चालत आलेली आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, सव्वा महिना बाळंतिणीनें चूलपाण्याकडे पाहूं नये, सुईणीनें तिला व बाळाला तेल लावून न्हाऊं घालावें, शेक द्यावा, अळिवाची खीर व डिंकाचे लाडू खावयास द्यावेत, असा तिचा क्रम. या पदार्थांचे गुण कोणी कितीही वर्णन करोत. त्या सव्वा महिन्याचा खरा गुण विश्रांतींत आणि जाणत्या स्त्रीच्या सोबतींत होता. बाळाला कसें धरावें, दुधानें छाती दाटली तर काय करावें, हें ती जवळ बसून दाखवी.

तथापि या रीतीचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. कित्येक घरांत पहिलें पिवळसर चीकदूध अपायकारक समजून टाकून देत आणि बाळाला मध चाटवीत. वस्तुतः रोगांपासून बाळाचें रक्षण करणारें तेंच चीकदूध. आणि वर्षाच्या आंतील बाळाला मध देणें तर धोक्याचें. शिवाय ही विश्रांति सर्वांच्या वांट्याला कधींच आली नाहीं. मोलमजुरी करणारी स्त्री झाडाच्या फांदीला झोळी बांधून लवकरच कामाला लागे.

आज परिस्थिति पालटली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील शेकडा ८८.६ प्रसूति रुग्णालयांत वा आरोग्यकेंद्रांत झाल्याचें आढळलें. परंतु जन्मानंतर तासाभरांत आईचें दूध शेकडा ४१.८ बालकांनाच मिळालें होतें. पहिले सहा महिने केवळ आईचेंच दूध द्यावें, असा वैद्यकशास्त्राचा उपदेश आहे. तसें दूध मिळणाऱ्या बालकांचें प्रमाण शेकडा ६३.७ होतें. याचा अर्थ असा कीं, प्रसूतीसाठीं इमारत मिळाली, पण बाळाला छातीशीं धरण्यास साहाय्य करणारा हात सर्वत्र मिळाला नाहीं.

घरीं आल्यावर शहरांतील आईची अडचण आणखी वाढते. दोन खोल्यांचा संसार, पति कामावर, माहेर दूर. रात्रीं बाळ रडलें कीं कोणी म्हणतें दूध पातळ आहे, कोणी म्हणतें पुरत नाहीं. हातांतील मोबाइलवर इतर मातांचीं हंसरीं छायाचित्रें दिसतात आणि दोष आपलाच, अशी तिची समजूत होते. मग पावडरीचा डबा येतो. डबा आला कीं बाळाचें चोखणें कमी होतें, आणि चोखणें कमी झालें कीं दूध खरोखरच आटूं लागतें. बालकांसाठींच्या दुधाच्या भुकटीच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्यानें बंदी घातली. पण घरांतील टोमण्यांना कोणता कायदा बंदी घालणार?

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठीं भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर ठेवण्याचें आणि आईला दिवसांतून चार वेळां तेथें जाऊं देण्याचें बंधन आलें. सहा महिन्यांच्या स्तनपानाशीं या रजेचा मेळ बसतो, हें उत्तम झालें. परंतु ऊंस तोडणारी, विटा वाहणारी वा धुणींभांडीं करणारी आई या रजेपासून दूरच राहते. तिच्या बाळाची भूक मात्र निराळी नसते.

रायगडच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. गडावर दूध विकावयास गेलेली गवळण, सायंकाळीं बंद झालेले दरवाजे, खालीं घरीं भुकेलें तान्हें, आणि काळोखांत कडा उतरून गेलेली आई! तिच्या नांवाचा बुरूज आजही दाखवितात. दंतकथा म्हणून जरी ही कथा पाहिली, तरी तिच्यांत केवळ मातेच्या शौर्याचा बोध घेणें अपुरें आहे. तान्ह्या मुलाच्या आईला दरवाजा उघडा मिळाला नाहीं, हाही त्यांतील बोध आहे. एस्. टी. च्या अनेक स्थानकांवर स्तनपानासाठीं ‘हिरकणी कक्ष’ केले गेले, तें नांव म्हणूनच समर्पक आहे. मात्र त्या कक्षाला कुलूप असेल, तर हिरकणी पुन्हा बंद दरवाजापुढेंच उभी राहते.

समाजानें मनावर घेतलें तर काय होऊं शकतें, याचें उदाहरण मुंबईंतच आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या मातांना अधिक दूध येतें, त्या तें देतात. तें तपासून, निर्जंतुक करून, दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या व अशक्त बालकांना पाजतात. कोणाच्या बाळाला कोणाचें दूध मिळालें, हें देणारीला ठाऊकही नसतें.

असें मोठें कार्य प्रत्येकाच्या हातून होणार नाहीं. त्याची आवश्यकताही नाहीं. पतीनें रात्रीं बाळाचीं दुपटीं बदलावींत, सासूनें ऊन जेवण वाढावें, मालकिणीनें कामवालीला बाळ आणूं द्यावें, प्रवासांत शेजाऱ्यानें नजर वळवून जागा करून द्यावी. आणि आजारपणानें वा अन्य कारणानें, सर्व प्रयत्न करूनही जिला दूध येत नाहीं, तिला कोणीं बोल लावूं नये. बाळंतिणीला ‘दूध पुरतें का?’ असें विचारण्यापूर्वीं ‘तूं जेवलीस का? तुला झोप मिळाली का?’ असें विचारणारें माणूस घरांत असणें, हेंच पाठबळाचें पहिलें लक्षण होय.