चित्रकार गायतोंडे यांची प्रदर्शने

प्रदर्शनांच्या संख्येवरून चित्रकाराची थोरवी ठरविण्याचा प्रघात आहे. १९२४ साली नागपुरास जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांस हे माप लागू पडत नाही. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांस पारितोषिक लाभले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कास गेले. पुढे दिल्लीत, प्रसिद्धीपासून दूर राहून, ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. २००१ साली ते निवर्तले. त्याच न्यूयॉर्कातील गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांच्या चित्रांचे भव्य प्रदर्शन भरविले. तो गौरव पाहावयास चित्रकार नव्हते, चित्रे मात्र होती. मुंबईची दालने दूर म्हणून खंतावणाऱ्या परभणीकडील तरुण चित्रकाराने आधी चित्र पिकू द्यावे. प्रदर्शनाची घाई करू नये, हाच या चरित्राचा बोध होय.